मोटर बसवलेल्या सायकलची चाके आणि ब्रेक

जुन्या सायकलच्या मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर) बसवल्यावर वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाऊ लागला; परंतु पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचे रबर घसरत आणि सायकल बरीच पुढे जाऊन थांबे. ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर येतो व खरी पकड तिथेच मिळते, म्हणून पुढे डिस्क ब्रेकची (रिमऐवजी हबवरची चकती दाबणाऱ्या ब्रेकची) सोय असलेला फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, आणि हब घेऊन १६० मिलिमीटरची डिस्क बसवली. दोन्ही चाकांना डबल वॉल (दुहेरी भिंतीच्या) अ‍ॅल्युमिनियम रिम व ३६ जाड स्पोक घातले. ब्रेक दाबताक्षणी मोटरचा वीजपुरवठा तोडणारी लिव्हर मात्र कुणीही टाळू नये, असे मला मनापासून वाटते. नवे स्पोक सुरुवातीला सैल पडतात. बोटाने छेडल्यावर एखाद्याचा आवाज बद्द आला, तर लगेच चाकाचा आउट (वाकडेपणा) स्पोक ताणून काढून घ्यावा.