क्लेम नाकारला? आधी नकार लेखी मागा

आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा क्लेम विमा कंपनीने नाकारला, तोही फोनवर. "मॅडम, तुम्ही बीपी लपवलंत, आता काही होणार नाही." ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात आम्ही दोन आठवडे नुसते हळहळत बसलो. तेवढे दिवस फुकट गेले.

तर पहिलं काम: नकार ईमेलवर मागा. कोणत्या कलमाखाली, कोणत्या कागदावरून नाकारला, हे त्यात हवं. २०२४ पासून कंपनीच्याच क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम नाकारता येत नाही. ती घेतली का, हेही विचारा. या पत्रावर पुढचं सगळं उभं राहतं. पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात म्हटलंय.

मग ते कारण आलं कुठून, ते शोधा. आमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'बीपी – १० वर्षे'. आई म्हणाली होती दहा महिने. रात्री अकराला अ‍ॅडमिट करून घेणाऱ्या डॉक्टरने लिहिलं वर्षे. पॉलिसीला चौथं वर्ष चालू, म्हणजे बीपी पॉलिसीनंतरचं. हॉस्पिटलमधून सगळे केस पेपर काढले, बीपीची गोळी सुरू केली तेव्हाची फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि पित्ताशयातल्या खड्यांचा बीपीशी संबंध नाही, असं सर्जनकडून लिहून घेतलं. पॉलिसी सलग ६० महिने चालू असती तर एवढा खटाटोप लागलाच नसता: त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण चालत नाही. (जीवन विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ही मुदत ३ वर्षांची.)

हे कागद जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा आणि तीच तक्रार इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंदवा. एजंट म्हणेल, "मी बघतो." बघू द्या; तुम्ही थांबू नका.

महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. पूर्वी त्यासाठी पुणे गाठावं लागे. आता ठाणे पश्चिमेला जीवन चिंतामणी इमारतीत कार्यालय आहे आणि नवी मुंबई, रायगड, पालघरही त्याच्याच कक्षेत येतात. फी नाही, वकील चालत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाखांची. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून १ वर्षाच्या आत जा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनी तुम्हाला दिवसाला ५,००० रुपये देणं लागते. आमचे पैसे तर सुनावणीआधीच जमा झाले. महिन्यांचं वर्ष कसं झालं, हे सांगायची माझी तयारी वाया गेली.

मनस्तापाची भरपाईही हवी असेल तर ग्राहक आयोग. कंपनीच्या लबाडीला तिथे 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. मुदत २ वर्षं. भरलेला हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. खारघर-पनवेलकरांनो, तुमचा जिल्हा रायगड, म्हणजे आयोग अलिबागला. लोकपाल आणि आयोग, दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असलं की लोकपाल तक्रार घेत नाही.