नवी ट्यूब टाकली तरी पुन्हा पंक्चर? काटा असा शोधा

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या बाजूने सायकल फिरवणाऱ्याला मगरींचा त्रास नाही, त्रास आहे तो वेड्या बाभळीचा. (इथले गुजराती शेजारी तिला 'गांडो बावळ' म्हणतात; गांडो म्हणजे वेडा, नाव अगदी रास्त.) काटा टायरमध्ये मोडतो, टोक आतच राहतं आणि नवी ट्यूब घातली तरी दहा मिनिटांत फुस्स. गेल्या रविवारी माझ्या दोन ट्यूबा अशाच गेल्या. अकोट्याहून पूल ओलांडून दांडिया बाजारापर्यंत सायकल ढकलत आलो, तेव्हा अक्कल आली.

१. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणून ठेवा. हे आजच, घरी करा.

२. पंक्चर झालं की ट्यूब काढून थोडीच हवा भरा. फार फुगवली तर माप चुकतं. ट्यूब गालाजवळून फिरवा, बारीक हवाही लगेच जाणवते. व्हॉल्व्हपासून भोक किती विती लांब आहे ते मोजा.

३. टायरवर नावापासून तेवढ्याच अंतरावर बघा, पण दोन्ही बाजूंना. ट्यूब काढताना कुठली बाजू कुठे होती हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

४. तिथे आतून कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवा. धागा अडकला की काटा सापडला. नेलकटरने उपटा.

नुसतं बोट मात्र फिरवू नका. टायरमधला काटा बोटात मोडला तर तो काढायला नेलकटर पुरत नाही.