हर्णै-मुरुड-आंजर्ल्याला जाताय? मग आधी तिथी बघा

दापोलीच्या किनाऱ्यावर लोक येतात कसे तर शनिवारी दुपारी पोचायचं, बीचवर फोटो, रात्री थाळी आणि रविवारी परत. त्यात वाईट काही नाही, पण या गावांचं घड्याळ वेगळं आहे, भरती-ओहोटीचं, आणि ते एकदा कळलं की हाच किनारा दुसराच वाटायला लागतो.

म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा. जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणाने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण बरोबर तीन, भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, थोडंफार मागेपुढे होतं, पण गावात अजून लोक तोंडावर असाच हिशोब करतात. आता बघा, पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी किनाऱ्यापासून खूप लांब मागे गेलेलं असतं. मुरुडच्या सपाट ओल्या वाळूवर शेजारच्या कर्दे गावाच्या दिशेने चालत जायचं असेल तर अशीच संध्याकाळ निवडा. अष्टमीला गेलात तर त्याच वेळेला भरती, पाणी वर चढलेलं असणार, मग लोक म्हणतात बीच छोटा आहे.

राहायला घरगुती सोय बघा, मुरुडला सुपारीच्या वाड्यांमध्ये भरपूर घरं आहेत (महर्षी कर्व्यांचं गाव हे, गावातून एक चक्कर पायी माराच). जेवायला किती माणसं, मासे की शाकाहारी, हे सकाळीच काकूंना सांगून टाका, कारण बाजार त्या हिशोबाने होतो. आणि मेनू मागू नका, "आज काय चांगलं मिळालंय?" एवढंच विचारा. सुरमई-पापलेटच्या हट्टापायी लोक ताजी मांदेली आणि तिसऱ्या सोडतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

हर्णै बंदरावर लिलाव सकाळीही होतो आणि दुपारी चारनंतरही. तिथे शूज घालून जाऊ नका, साध्या चपला घाला, कारण खाली सगळं खारं पाणी, बर्फ आणि खवले. होड्या लागल्या की टोपल्या उतरतात, ढीग पडतात आणि बोली इतकी भराभर चालते की पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही. बाजूला उभं राहा, वाट अडवू नका, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला थांबावं लागलं तर तिचं नुकसान होतं. मोठी बोली व्यापाऱ्यांची, आपण कडेला वाटे लावून बसलेल्या मावशींकडून घ्यायचं. मला एका मावशींनी बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून दाखवला होता, आत लालभडक, मग माझंच बोट धरून माशाच्या पाठीवर दाबलं, खळगा लगेच भरून आला, म्हणाल्या, "हा सकाळचा. खळगा राहिला तर घ्यायचा नाय." तेव्हापासून मी कुठेही मासे घेताना आधी बोट दाबतो. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि शक्यतो आधी वाटा विकत घेऊन मग.

सुवर्णदुर्गाला होडी बंदरावरूनच मिळते, चढता-उतरता गुडघाभर पाण्यात जावं लागतं तेव्हा चांगले कपडे नकोत, पाणी सोबत न्या. समुद्र खवळलेला असेल आणि होडीवाले भाऊ नको म्हणाले तर घासाघीस करू नका. तसं झालं तर आंजर्ल्याला जा, कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावरून अख्खा किल्ला दिसतो. गणपती उजव्या सोंडेचा. मूळ देऊळ खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र पुढे आला म्हणून वर हलवलं असं तिथले लोक सांगतात. उतरताना खाडीकडे बघा, ओहोटी असली तर चिखलात वाकून कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बायका दिसतील.

एक कळकळीची विनंती, गाडी वाळूवर घालू नका. भरतीत अडकते ते वेगळंच, पण या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर आंजर्ल्याला किंवा पुढे वेळासला पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मिळू शकतं, पहाटे आणि संध्याकाळी, फक्त कासवमित्र (कासवांची घरटी राखणारे गावातले लोक) सांगतील तिथेच उभं राहायचं आणि फ्लॅश मारायचा नाही.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नका. मे महिन्यात गेलात तर मात्र गावातल्या बायका पावसाळ्याचा साठा करतात तसा तुम्हीही करा, सुके बोंबील, सुकट आणि थोडे सोडे. सोडे महाग वाटतील, पण सोललेली कोळंबी वाळून किती उरते हे एकदा बघितलं की भाव पटतो. घरी आल्यावर परत एक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.