सोलापुरात पहिली गिअरची सायकल घेताय? या चुका टाळा

दुकानात शिरलं की रोड बाईक (बारीक टायरची, डांबरावर वेगात पळणारी) घ्यावी की एमटीबी (म्हणजे माउंटन बाईक, जाड टायरची, कच्च्या वाटांसाठीची), यावरच घोळ सुरू होतो. टायर किती रुंद आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि सोलापुरात घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

'रस्ते खराब, म्हणून एमटीबीच बरी'

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. जाड टायर आणि पुढचा शॉकअप बघून माणूस भुलतो. पण स्वस्तातल्या सायकलीचा शॉकअप म्हणजे आत स्प्रिंग घातलेला जड फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. त्याचंच वजन अडीच किलोच्या घरात जातं. चढावर उभं राहून पेडल मारलं की जोर चाकाला लागायचा सोडून स्प्रिंग दाबण्यात जातो. एकूण सायकल भरते 15-16 किलो. जुळे सोलापूरहून सात रस्त्यापर्यंत हे जाणवत नाही, पण सकाळी होटगी रोडला लांब गेलात की परतताना मांड्या भरून येतात.

शहरातल्या खड्ड्यांना शॉकअप लागतच नाही. 38-40 मिमीच्या टायरमध्ये बेताची हवा असली की बरेचसे धक्के टायरच गिळतो. तुम्ही खरंच शेताच्या वाटांनी, नान्नजच्या बाजूच्या माळावर फिरणार असाल तर एमटीबी घ्या, बिनधास्त घ्या. तेही पाऊस नसताना. काळ्या रानात पाऊस झाल्यावर चाक आणि फोर्कच्या मध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल दहा हजारांची असो नाहीतर लाखाची, ती खांद्यावर घेऊनच रस्ता गाठायचा.

'ग्रुपमध्ये सगळ्यांकडे रोड बाईक आहे'

रोड बाईकला नावं ठेवायचं कारण नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा सुटतो तेव्हा अक्कलकोटला जाताना तुम्ही उडत जाता आणि येताना तोच वारा छातीवर घेता. अशा वेळी खाली वळलेलं हँडल धरून वाकता येणं ही चैन नसते, त्यानं खरोखर दम वाचतो. पहाटे उठून हायवेला चाळीस-पन्नास किलोमीटर करायचे, सायकल दुसऱ्या कामाला वापरायचीच नाही, असं पक्कं असेल तर रोड बाईकच घ्या.

फक्त दोन गोष्टी दुकानातच विचारा. पहिली, हिला 32 मिमीचा टायर बसतो का? कित्येक जुन्या मॉडेलांत 25-28 च्या वर जागाच नसते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांना वाट द्यायला तुम्हाला डांबर सोडून कडेला उतरावंच लागणार, आणि तिथे खडी, सराटे, बाभळीचे काटे वाट बघत असतात. दुसरी, मागच्या गिअरची सगळ्यात मोठी चकती किती दातांची? 28 वर थांबत असेल तर तुळजापूरचा घाट नवख्याचा घाम काढतो. 32 किंवा 34 दातांची मागा.

आणखी एक. रोड बाईकच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचं तोंड) असतो. पेट्रोल पंपावरचं हवेचं नोझल त्याला बसत नाही. छोटा पितळी अॅडॉप्टर मिळतो, तो सायकलबरोबरच घ्या.

मग नवख्यानं घ्यावं काय?

माझं मत स्पष्ट आहे: शॉकअप नसलेली हायब्रिड (रोड बाईक आणि एमटीबीच्या मधली, सरळ हँडलची सायकल), 700 ची, म्हणजे रोड बाईकच्या मापाची चाकं, 35 ते 40 मिमीचे टायर. ऑफिस, नवी पेठेतली खरेदी, रविवारी हिप्परगा तलाव, सगळं हिच्यावर होतं. वर्षभर चालवा. रोड बाईक हवी की नको, हे तुमचे पायच सांगतील.

साईज: 'सीट वरखाली करून भागेल'

नाही भागत. सीटनं उंची जमते, हँडलपर्यंतचं अंतर जमत नाही. ऑफरमध्ये उरलेली मोठी फ्रेम गळ्यात मारली जाते ती अशीच. फ्रेमचा आडवा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. दांडा टोचत असेल तर एक साईज खाली उतरा.

सायकल घेतली, आता त्रास होतोय

बरेच जण इथे सायकलीचा प्रकारच चुकला म्हणून ती विकायला काढतात. थांबा जरा. गुडघा पुढून दुखतो? सीट बहुधा खाली आहे. मागून दुखतो? जास्त वर आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. तिथून सुरुवात करा. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक पुढे झुकलंय का बघा, ते सपाट करा.

पंक्चरचं मात्र नीट बघा. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. हवा वाढवा, अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नका, गेजचा पंप वापरा. एकच बारीक भोक असेल तर काटा. इथे ट्यूब बदलून लगेच निघण्याची घाई नडते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच मोडून बसलेलं असतं आणि नवी ट्यूबही किलोमीटरभरात बसते. टायरच्या आतून जुनं फडकं गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. बाहेरून दिसत नाही, आतून टोचून बाहेर ढकलावा लागतो.

म्हणून सगळं बजेट सायकलीवरच उडवू नका. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप, एक जादा ट्यूब आणि टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात सायकल बघा. आणि ट्रायल दुकानासमोरच्या गुळगुळीत पट्ट्यावर घेऊ नका. दोन स्पीडब्रेकर आणि एक उखडलेला रस्ता असलेली गल्ली शोधा. आपल्याकडे ती फार लांब नसते.