शैवालाच्या गोळ्या घेऊन चरबी कमी करू पाहणाऱ्या तरुणांसाठी

स्पिरुलिना किंवा क्लोरेला या शैवालांच्या गोळ्या घेण्याचा विचार असेल, तर आधी अपेक्षा नेमकी ठरवावी. वजन जास्त असलेल्या प्रौढांवर आजवर झालेले प्रयोग बहुतांशी लहान आणि दोन-तीन महिन्यांचे आहेत. त्यांत दिसलेला फायदा सरासरीने एक-दोन किलोंच्या आसपासचा आहे, आणि तोही प्रत्येक प्रयोगात दिसलेला नाही. व्यायामाची जागा या गोळ्या घेऊ शकत नाहीत. प्रथिनांसाठीही त्यांच्यावर विसंबू नये. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात सुमारे 60 टक्के प्रथिने असली, तरी 3 ग्रॅम भुकटीतून जेमतेम पावणेदोन ग्रॅम मिळतात, तर एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम.

म्हणून पहिला महिना गोळ्यांविना काढावा. आठवड्यातून किमान 150 मिनिटे दमवणारे चालणे किंवा सायकल, दोन दिवस वजनांचा व्यायाम आणि रात्रीच्या जेवणात थोडी काटछाट, एवढे आधी अंगवळणी पाडावे. गोळ्या आणि व्यायाम एकाच दिवशी सुरू केले, तर उतरलेल्या चरबीचे श्रेय कोणाला द्यायचे हे कधीच कळत नाही.

मोजमाप मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावे, आणि ते वजनापेक्षा कंबरेचे असावे, कारण पोटातील अवयवांभोवतीची चरबी मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी अधिक निगडित असते. सकाळी उपाशीपोटी, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, सहज श्वास सोडून झाल्यावर टेप आडवा धरून घेर मोजावा. पोट आत ओढू नये. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटरपुढचा घेर धोक्याचा मानतात. चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या वजनकाट्याचा आकडा शरीरातील पाण्यानुसार बदलतो, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्या महिन्यापासून पूरक सुरू करायचे असल्यास रोज 1 ग्रॅमने आरंभ करावा आणि पोट बिघडत नसेल तरच 2-3 ग्रॅमपर्यंत जावे. खरेदीच्या वेळी घाई करू नये. वेष्टनावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक हवाच. त्याखेरीज शिसे, पारा आणि मायक्रोसिस्टिन या विषाची तपासणी झाल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल उत्पादकाकडे मागावा. दूषित पाण्यात स्पिरुलिनाच्याच गटातील इतर नील-हरित जीवाणू मिसळले, तर हे विष भुकटीत उतरू शकते आणि ते यकृताला घातक असते.

फेनिलकीटोन्युरिया (प्रथिनांतील एक घटक शरीराला नीट वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी स्पिरुलिना घेऊ नये. स्वप्रतिकार आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) असलेल्यांनी, तसेच रक्त गोठू न देणारे वॉरफॅरिन किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोहोंपैकी काहीही सुरू करू नये. शाकाहारी तरुणांनी बी-12साठी स्पिरुलिनावर भिस्त ठेवू नये, कारण त्यातील बहुतांश बी-12 मानवी शरीराला वापरता येत नाही.

बारा आठवड्यांनी नोंदी पाहाव्यात. पहिल्या महिन्यातील गतीपेक्षा कंबर अधिक वेगाने उतरली नसेल, तर गोळ्या थांबवाव्यात. व्यायाम थांबवू नये.