व्हँ झोनची बाटली ‘खराब’ ठरवण्याआधी या चुका टाळा

फ्रान्सच्या ज्युरा भागातली व्हँ झोन ही व्हाईट वाईन पहिल्यांदा चाखणारे बरेच जण एका घोटातच ग्लास बाजूला सारतात आणि बाटली खराब निघाली म्हणून मोकळे होतात. हे साहजिक आहे. व्हाईट वाईन म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नाशिकची गार शेनिन ब्लाँ येते. फिकट रंगाची, फळांच्या वासाची, वर्षा-दोन वर्षांत संपवायची. इथे मात्र ग्लासात गडद सोनेरी वाईन असते. तिला अक्रोडाचा, सुक्या सफरचंदाचा आणि चक्क मेथीदाण्याचा वास येतो, आणि चव कोरडी, म्हणजे गोडवा अजिबात नसलेली, आणि किंचित खारट लागते.

मेथीचा वास हा भास नाही. सोटोलॉन नावाचं जे संयुग मेथीदाण्याला त्याचा खास वास देतं, तेच व्हँ झोनमध्ये वर्षानुवर्षं तयार होत राहतं. त्यामुळे ही वाईन आपल्याला फ्रेंच माणसाइतकीच, कदाचित त्याच्याहूनही लवकर, समजायला हवी असं मला मनापासून वाटतं. आड येतात त्या काही चुका.

हवा लागली म्हणजे वाईन बिघडली, असं धरून चालणं

ज्युरा हा फ्रान्सच्या पूर्वेचा, बर्गंडी आणि स्वित्झर्लंडच्या मधला डोंगराळ पट्टा. व्हँ झोन तिथल्या सावान्याँ या एकाच द्राक्षापासून होते. साखर पूर्ण आंबून गेली की वाईन ओकच्या जुन्या, साधारण २२८ लिटरच्या पिंपांत जाते. लाकडातून वाईन थोडी थोडी उडून जाते. इतरत्र ती तूट लगेच भरून काढतात, कारण पिंपात हवेला जागा मिळाली तर वाईन बिघडते. व्हँ झोनमध्ये ती मुद्दाम भरत नाहीत. मग रिकाम्या जागेखाली, वाईनच्या पृष्ठभागावर, यीस्टची पातळ साय धरते.

सगळं काम ही साय करते. वरून येणारा प्राणवायू ती स्वतः वापरते, खालच्या वाईनला हवेचा थेट मारा लागू देत नाही, आणि त्या ओघात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करते. अक्रोड आणि सफरचंदाचा वास येतो तो त्यातून. म्हणजे वाईनला हवा लागते, पण सायीच्या हातून, हळूहळू. पिंपं ठेवायच्या जागाही एकसारख्या गार नसतात. ऋतूंप्रमाणे तापमान वर-खाली होतं, तशी साय जाड-पातळ होते, आणि उत्पादकांना तेच हवं असतं.

नियम कडक आहेत. सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत वाईन मुरलीच पाहिजे, आणि त्यातले किमान ६० महिने सायीखाली. शेवटी ती ६२० मिलिलिटरच्या बुटक्या, रुंद खांद्यांच्या क्लाव्हलँ बाटलीत भरतात. एक लिटर नव्या वाईनमधून इतकीच उरते, असं तिथे सांगतात. शातो-शालों हे या वाईनचं सर्वांत मानाचं गाव. तिथे सुगीआधी द्राक्षांची तपासणी होते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षांत द्राक्षं पुरेशी चांगली नव्हती म्हणून त्या नावाने व्हँ झोन निघालीच नाही. गावाने वर्षभराच्या पिकाचं नाव सोडून दिलं, यावरून त्या लोकांची निष्ठा कळावी.

मग खरोखर खराब बाटली ओळखायची कशी? नेलपॉलिशसारखा किंवा सरळ व्हिनेगरचा झोंबरा वास सगळ्यावर स्वार झाला असेल तर ती बिघडलेली. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास येत असेल तर बूच दोषी. साधी व्हाईट वाईन नकळत हवा लागून मरते तेव्हा तपकिरी होते, फळांचा वास जातो आणि त्या जागी काहीच येत नाही, घोट गिळला की चव संपते. व्हँ झोनमध्ये उलट घडतं. घोट गिळल्यावर अक्रोड आणि मेथी तोंडात कितीतरी वेळ रेंगाळतात. शंका आली तर घोट गिळून थोडं थांबा.

फ्रिजमधून थेट ग्लासात

सर्वांत जास्त बाटल्या या चुकीने वाया जातात. ६-७ अंशांवर व्हँ झोनचा वास मिटून जातो आणि फक्त आंबटपणा पुढे येतो. तिला १४ ते १६ अंश लागतात. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला मुंबई-पुण्याच्या खोल्यांना लागू नाही, ३० अंशांवर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये गार करा आणि वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. बूच मात्र त्याच्या कितीतरी आधी, शक्यतो सकाळीच काढून ठेवा. सहा वर्षं बंद पिंपात काढलेली वाईन खुलायला काही तास घेते. ग्लास नेहमीचा व्हाईट वाईनचा चालेल, पण ओता थोडीच.

लेबलवर ज्युरा दिसलं की ही चव गृहीत धरणं

ज्युरात सगळ्याच व्हाईट वाईन सायीखाली मुरत नाहीत. पिंप नियमित भरून ठेवलेल्या वाईनना ‘उइये’ म्हणतात. त्या ताज्या, फळांच्या चवीच्या असतात, द्राक्ष सावान्याँ असलं तरी. सायीखालच्या वाईनवर बहुधा ‘सू व्वाल’ असं लिहिलेलं असतं. दुकानात विचारून घ्या.

शेरीशीही गल्लत होते. स्पेनच्या फिनो शेरीवरही सायच असते, पण तिच्यात वरून अल्कोहोल घालून ते १५ टक्क्यांच्या आसपास नेतात. ती गारच प्यायची आणि उघडल्यावर थोड्या दिवसांत संपवायची. ओलोरोसो या शेरीच्या दुसऱ्या प्रकारात अल्कोहोल १७ टक्के किंवा जास्त असल्याने साय जगतच नाही, ती वाईन थेट हवेवर मुरते. व्हँ झोनमध्ये वरून काहीही घालत नाहीत. एकीचे नियम दुसरीला लावले की दोघींवर अन्याय होतो.

आधी व्हँ झोन, मग बाकीच्या

ज्युरात चाखायचा क्रम आपल्याला उलटा वाटेल असा असतो. पूल्सार आणि त्रूसो या हलक्या रेड वाईन आधी, व्हाईट त्यांच्यानंतर, आणि व्हँ झोन अगदी शेवटी. तिच्यामागून आलेली कुठलीही नाजूक वाईन पाण्यासारखी लागते.

तिखट आणि गोड पदार्थांशी जोडी लावणं

मेथीचा वास आणि ‘करी’चा उल्लेख ऐकून लोक ती तांबड्या रश्श्यासोबत ठेवतात. व्हँ झोनमध्ये अल्कोहोल १४-१५ टक्क्यांपर्यंत असतं, आणि मिरचीचा जाळ त्याने भडकतो. मसाला हवा, तिखट नको. सोनेरी रंग पाहून पुरणपोळीशी जुळवणारेही आहेत. वाईनमध्ये साखर जवळजवळ नसते, त्यामुळे गोडापुढे ती नुसती आंबट लागते.

तिला स्निग्धता लागते. तिच्या घरची जोडी म्हणजे कोंते चीज. ज्युराच्याच डोंगरांत कच्च्या दुधापासून होणारं, आणि दीड वर्षाहून जास्त मुरलेलं. त्या चीजमध्ये स्वतःचा अक्रोडी वास असतो, आणि मिठामुळे वाईनचा आंबटपणा गोलसर होतो. सोबत चार अक्रोड ठेवा. इतक्या कमी खर्चात इतकी अचूक जोडी मला दुसरी माहीत नाही. रेड वाईन आणि चीज ही सवय इथे सोडा. टॅनिनवाली, म्हणजे तुरट रेड या चीजपुढे कडू पडते.

दुसरी जोडी कोंबडीची. शेजारच्या ब्रेस भागातली कोंबडी, दुधाची साय आणि मोरील मशरूम. मोरील म्हणजे आपल्याकडे काश्मीर-हिमाचलातून येणारी गुच्छी. ती महाग पडत असेल तर साधं मशरूम तुपात चांगलं लालसर परतून घ्या.

मराठी ताटात शोधायचं तर माझं पहिलं मत ओल्या काजूच्या उसळीला, कोकणातल्या, भरपूर खोबऱ्याच्या आणि बेताच्या तिखटाच्या. काजूची स्निग्धता आणि वाईनचा अक्रोडी वास एकमेकांना बिलगतात. मेथी-मटार-मलईही जमते, फक्त त्यात साखर घालू नका. कोकम किंवा चिंच जास्त असलेली आमटी टाळा, आंबटावर आंबट चढतं.

सगळी वाईन सुरुवातीलाच रश्श्यात उकळणं

अ‍ॅसिटाल्डिहाइड झटकन उडून जातं, त्यामुळे तासभर उकळलेल्या वाईनचा वास निम्मा होतो. रश्श्याला यीस्टच्या सायीखाली मुरलेली साधी सावान्याँ वापरा, दुधाची साय घालून आटवा, आणि गॅस बंद करण्याआधी व्हँ झोनचे दोन-तीन चमचे घाला. वाढायच्या क्षणी वास दरवळायला तेवढे पुरतात.

घरी ‘मुरवण्याचा’ प्रयोग

उरलेली शेनिन ब्लाँ उघडी ठेवून व्हँ झोन होत नाही, व्हिनेगर होतं. लुई पाश्चर ज्युरातल्या आर्ब्वा गावात वाढले, आणि १८६०च्या दशकात वाईनच्या रोगांवरचं त्यांचं बरंचसं काम त्याच गावात झालं. पृष्ठभागावर कोणता जीव बसला यावर वाईनचं नशीब ठरतं, हे त्या कामातून पुढे आलं. ज्युराच्या तळघरांत पिढ्यानपिढ्या रुजलेलं यीस्ट असतं, सावान्याँचा आंबटपणा आणि पुरेसं अल्कोहोल पाठीशी असतं, तरीही प्रत्येक पिंप नियमित तपासावं लागतं आणि काही पिंपं वाटेतच बाद होतात.

उघडलेली बाटली त्याच रात्री संपवण्याची घाई

ही घाई करूच नका. बूच परत लावा, बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, आणि रोज थोडी घ्या. दोन-तीन आठवडे ती सहज टिकते, आणि अनेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा मोकळी लागते. न उघडलेल्या बाटल्या मात्र खिडकीतल्या मांडणीत ठेवू नका. ही वाईन हवेला सरावलेली असली तरी आपल्याकडचा एप्रिल-मेचा उकाडा आणि ऊन तिलाही मानवत नाही. घरातला सर्वांत गार, अंधारा कोपरा तिला द्या.