एका बादलीत घरभराच्या काचा: फिरत्या कामगारासाठी पाणी वाचवण्याची पद्धत

मुंबईत घरोघरी आणि दुकानोदुकानी जाऊन खिडक्यांच्या काचा स्वच्छ करून देणाऱ्या माणसाकडे कामाच्या जागी स्वतःचा नळ नसतो. तो गिऱ्हाइकाच्या बाथरूममधली बादली भरून घेतो किंवा सोसायटीच्या आवारातल्या नळाला पाइप लावतो, आणि पाण्याचे बिल त्याच्या नावाने येत नसल्यामुळे दिवसभरात किती पाणी वाहून गेले हे त्याला कधी कळत नाही. ते कळावे यासाठी एक सोपा प्रयोग करावा. पाइपचे तोंड 15 लिटरच्या बादलीत धरून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. बऱ्याच इमारतींत हा वेळ मिनिट-दीड मिनिटाच्या आसपास निघतो. म्हणजे गॅलरीच्या काचांवर दहा मिनिटे पाइप मारला की शंभर लिटरच्या वर पाणी जाते, आणि तेवढ्या काचांना प्रत्यक्षात दोन-तीन लिटर पुरले असते.

हे पाणी लांबून येते. तुळशी आणि विहार सोडले तर तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा हे मुंबईला पाणी देणारे पाचही तलाव शहराबाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरातून शहराचे बहुतेक पाणी निघते, तिथल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस लांबला की मुंबईलाही झळ बसते. 2023 च्या जुलैत आणि 2024 च्या जूनमध्ये महापालिकेने 10 टक्के पाणीकपात लागू केली होती. अशा दिवसांत आपल्या व्यवसायाकडे चैन म्हणून पाहिले जाते आणि सोसायटीचे सचिव पहिले काम आपले थांबवतात. कमी पाण्यात काम करता येणाऱ्या माणसाचे काम मात्र कपातीतही चालू राहू शकते.

आधी कोरडे काम

मुंबईच्या काचेवर साचणाऱ्या थराचा मोठा भाग धुळीचा असतो. शेजारी इमारत पाडण्याचे किंवा उभारण्याचे काम चालू असेल तर त्या धुळीत सिमेंट आणि वाळूचे बारीक कण असतात. या धुळीवर थेट पाणी टाकले की चिखल होतो, तो खाली ट्रॅकमध्ये, म्हणजे खिडकी सरकते त्या खाचेत, उतरतो, आणि मग तो बाहेर काढण्यासाठी मूळ कामापेक्षा अधिक पाणी लागते. म्हणून पाण्याला हात लावण्यापूर्वी मऊ केसांच्या रुंद ब्रशने ग्रिल, चौकट आणि काच या क्रमाने वरून खाली धूळ झाडावी. ब्रश काचेवर दाबून घासू नये, कारण वाळूच्या कणाने काचेवर ओरखडा उमटतो आणि तो पुन्हा निघत नाही.

स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधली माती, केस आणि मेलेले किडे कोरडे असतानाच काढावेत. गिऱ्हाइकाकडे व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो मागून घ्यावा. नसेल तर जुना टूथब्रश आणि बोथट टोकाची पट्टी यांवर काम भागते. डासांची जाळी उतरवून बाथरूममध्ये शॉवरखाली धरण्याची अनेक घरांत पद्धत आहे, आणि एका जाळीमागे एक बादली पाणी त्यात सहज जाते. जाळी जुन्या चादरीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी कोरडा ब्रश फिरवला आणि मग घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घेतली तर ती तितकीच स्वच्छ होते.

कबुतरांची विष्ठा हा एकच अपवाद आहे. ती कोरडी खरवडली की तिची भुकटी श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि ती घातक आहे. वर्तमानपत्राचा कागद भिजवून डागावर चिकटवून ठेवावा, दहा-पंधरा मिनिटे दुसरे काम करावे आणि मग कागदासकट ती उचलून घ्यावी. यासाठी पेलाभर पाणी पुरते. मास्क आणि हातमोजे घालण्यात हयगय करू नये.

काच भिजवणे आणि पाणी उतरवणे

पाण्याचे काम मळ सैल करण्याचे आहे आणि तो काचेवरून वाहून नेण्याचे काम वायपरच्या रबराचे आहे. ही विभागणी ज्याला पटली, त्याचा पाण्याचा वापर आपोआप उतरतो, कारण काच धुऊन काढण्याची गरजच उरत नाही. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने यांनी 1936 मध्ये एकाच धारदार रबराच्या हलक्या वायपरचे पेटंट घेतले, आणि आजही व्यावसायिक कामगाराच्या हातात मूलतः तेच अवजार असते. फरशीचा जाड, दुहेरी फोमचा वायपर काचेला लावू नये. तो पाणी उतरवत नाही, पसरवतो.

दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी 6 ते 8 लिटर पाणी बादलीत घ्यावे. बादलीच्या आतल्या बाजूस पक्क्या मार्करने लिटरच्या खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे अंदाजाने भरणे थांबते. या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे फक्त काही थेंब टाकावेत. पाणी खरोखर वाया जाते ते साबणाच्या अतिरेकामुळे, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. फेस जास्त झाला की काचेवर चिकट थर राहतो, तो काढण्यासाठी दुसरे पाणी, मग तिसरे पाणी लागते, आणि इतके करूनही उन्हात पट्टे दिसतातच. बादलीत हात फिरवल्यावर पाणी किंचित बुळबुळीत लागले आणि वर फेसाचा डोंगर उभा राहिला नाही, तर साबणाचे प्रमाण योग्य समजावे.

आडव्या दांडीवर चढवलेली मायक्रोफायबरची खोळ बादलीत बुडवून, ठिबकणार नाही इतकी पिळून, संपूर्ण काचेवर फिरवावी. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांत, म्हणजे मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, वांद्र्याचा बँडस्टँड किंवा वर्सोवा अशा भागांत, काचेवर मिठाचा पांढुरका थर असतो. मीठ पाण्यात पटकन विरघळते, त्याला घासण्याचा जोर लागत नाही, फक्त अर्धा-एक मिनिट ओलावा टिकावा लागतो. म्हणून तिथे एकदा भिजवून थोडे थांबावे, मग दुसऱ्यांदा हलकी खोळ फिरवून लगेच पाणी उतरवावे.

वायपर चालवण्यापूर्वी काचेची वरची कड आणि एक उभी कड कोरड्या फडक्याने बोटभर रुंद पुसून घ्यावी. रबर कोरड्या जागेवरून सुरू झाले की पाण्याचा ओघळ मागे राहत नाही. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याला टिपावे आणि पुढची ओढ आधीच्या ओढीवर दोन सेंटिमीटर चढवून घ्यावी. रबराच्या धारेला खाच पडली असेल तर दर ओढीला एक रेघ उमटते आणि ती घालवण्यासाठी तीच काच पुन्हा भिजवावी लागते. रबर पट्टीतून काढून उलटे घालता येते आणि दोन्ही बाजू झिजल्या की बदलावे; त्याचा खर्च वाया गेलेल्या वेळेपेक्षा नेहमीच कमी असतो.

उन्हाची दिशाही पाहावी. तापलेल्या काचेवर पाणी वायपर पोहोचण्याआधीच वाळते आणि डाग धरते, म्हणजे काम दुप्पट. पश्चिमेकडच्या खिडक्या सकाळी घ्याव्यात आणि पूर्वेकडच्या दुपारनंतर.

दोन-चार खिडक्यांचेच काम असेल, किंवा दुकानाची एकच दर्शनी काच असेल, तर बादली भरूच नये. अर्ध्या लिटरची फवाऱ्याची बाटली आणि पिळलेली खोळ एवढ्यावर ते काम होते. स्कूटरवरून फिरणाऱ्याला याचा दुहेरी फायदा आहे, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, आणि लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते ओझे आपल्याच खांद्यावर चढते.

कोणते पाणी कशासाठी

सगळे पाणी सारखे नसते, आणि पिण्याजोगे पाणी ट्रॅक धुण्यात घालवणे मला अयोग्य वाटते. महापालिकेचे पाणी तलावांचे असल्यामुळे त्यात क्षार कमी असतात आणि ते काचेवर फारसे डाग सोडत नाही. बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे, असते. ते ग्रिल, चौकट आणि ट्रॅक यांसाठी चालते. काचेवर शेवटचा हात मात्र त्याने फिरवू नये, कारण ते वाळले की पांढरे ठिपके राहतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्यालाही हाच नियम लावावा. पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते दाखवणारे, खिशात मावणारे टीडीएस मीटर जवळ ठेवले तर वाद न घालता कोणते पाणी कुठे वापरायचे ते ठरवता येते.

एसीमधून ठिबकणारे पाणी काचेच्या कामाला अतिशय चांगले, कारण ते हवेतल्या बाष्पाचे असते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुंबईच्या दमट हवेत चालू एसीतून काही तासांत काचेच्या कामाला पुरेसे पाणी जमते. गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी फोन करून एसीच्या नळीखाली बादली ठेवायला सांगावे. हे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे आणि पिण्यासाठी कधीही वापरू नये. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनंतर गच्चीवर धरलेले पाणीही असेच उपयोगी पडते.

उंच दांडीच्या ब्रशमधून शुद्ध पाणी सोडणारी यंत्रणा लोअर परळ आणि बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) काचेरी इमारतींच्या खालच्या मजल्यांवर वापरता येते. तिच्यात मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी जाते, तेव्हा हाताशी बंद करता येणारी झडप असल्याखेरीज ती घेऊ नये. तलावाचे पाणी मिळत असेल तर पाण्यातले क्षार धरून ठेवणारा रेझिनचा फिल्टर थेट लावावा. आधी आरओ जोडले की बरेचसे पाणी गटारात जाते आणि इतक्या मऊ पाण्याला त्याची गरज नसते.

जुने क्षारांचे डाग कितीही पाणी मारले तरी निघत नाहीत. चमचाभर लिंबूसत्व पेलाभर पाण्यात विरघळवून फडक्याने डागावर लावावे, काही मिनिटांनी हलके घासून ओल्या फडक्याने दोनदा पुसावे. हे द्रावण संगमरवरी खिडकीपट्टीवर सांडू देऊ नये, कारण संगमरवराची चमक त्याने कायमची जाते. ब्लीचमध्ये तर ते कधीच मिसळू नये.

गिऱ्हाइकाशी बोलणे

पाणी वाचवण्यातली खरी अडचण पुष्कळदा समजुतीची असते. “अहो, पाणी मारल्याशिवाय काच स्वच्छ कशी होणार?” असे काकू विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यांनी आयुष्यभर दिवाळीच्या आधी खिडक्या धुतलेल्याच पाहिल्या आहेत. तेव्हा वाद न घालता, “काकू, एक खिडकी करून दाखवतो, नाही आवडली तर तुम्ही म्हणाल तशी धुऊन देतो,” असे म्हणावे आणि हॉलमधली, जास्तीत जास्त उजेडाची खिडकी आधी घ्यावी. सोसायटीच्या सचिवांशी बोलताना मात्र आकडा द्यावा. एका फ्लॅटला किती लिटर लागले याची वहीत नोंद ठेवली असेल तर पाणीकपातीच्या काळात ती वही त्यांच्यापुढे ठेवता येते, आणि संपूर्ण इमारतीचे काम एकाच माणसाला देण्यासाठी त्यांना ते पुरेसे कारण वाटू शकते.

मळके पाणी आणि फडकी

काचा झाल्यावर बादलीत उरलेले पाणी मळके असले तरी संपलेले नसते. त्यातच फडके बुडवून ग्रिल आणि ट्रॅक पुसावेत, आणि अगदी शेवटी उरलेले पाणी संडासात ओतावे, म्हणजे एक फ्लश वाचतो. ते खिडकीतून खाली टाकू नये. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. साबण असल्यामुळे झाडांनाही घालू नये.

मायक्रोफायबरचे फडके चौघडी करून वापरले तर त्याला आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की घडी उलटावी, फडके खळबळू नये. एका घराला तीन-चार फडकी पुरतात आणि मळलेली फडकी पिशवीत वेगळी ठेवून दोन-तीन दिवसांची एकदम धुवावीत. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसला की फडके पाणी शोषत नाही आणि काच पुसण्याऐवजी ओलावा पसरवत राहते. फडकी सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. पावसाळ्यात ती दमट राहून कुबट वास धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात फडक्यांचा एक जास्तीचा संच जवळ ठेवावा.